ते कॅलेंडर माझं नव्हतं

आमच्या समाजाच्या वधू-वर संकेतस्थळावर जन्मतारीख निवडायला एक मराठी कॅलेंडर होतं. ते मी तयार केलं म्हणून परभणीत माझा सत्कार झाला होता. शाल, नारळ आणि अध्यक्षांचं लांबलचक भाषण. ते मी तयार केलेलं नव्हतं. पुढं त्याच कॅलेंडरापायी मेळाव्याच्या पुस्तिकेत मुलामुलींच्या जन्मतारखा चुकीच्या छापल्या गेल्या, आणि तो दोष मी माझ्याकडे काम करणाऱ्या एका मुलीवर ढकलला. ती आता चाळिशीला टेकली आहे. पाथरीच्या बाजारात अजून तिला 'तारखावाली' म्हणतात. ते नाव तिच्यावरून उतरावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

माझं आधी टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. टाइपरायटर गेले तसे मी कॉम्प्युटर आणले, आणि कॉम्प्युटर घरोघर झाले तसं संकेतस्थळं बनवून द्यायला लागलो. दुकानदार, शाळा, मंगल कार्यालयं, असली गिऱ्हाइकं. शिकलो ते बघून बघून. ज्याला या धंद्याची माहिती नाही त्यानं एक गोष्ट समजून घ्यावी, म्हणजे पुढचं सगळं कळेल. संकेतस्थळ बनवणारा माणूस सगळं स्वतः लिहीत नाही. पानावर फोटो सरकवणं, तारखेचं कॅलेंडर उघडणं, फॉर्ममधली चूक लाल करून दाखवणं, ही कामं करणाऱ्या तयार फाइली जगात कुणी कुणी लिहून ठेवलेल्या असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. बहुतेक फुकट मिळतात. अट एवढीच, की फाइलीच्या वरच्या चार ओळींत लिहिणाऱ्याचं नाव, व्हर्जनचा आकडा आणि वापरायची मुभा दिलेली असते, ती काढायची नाही.

मी त्या ओळी सगळ्यांत आधी काढायचो. फाइल आणली की वरच्या ओळी पुसायच्या, माझ्या दुकानाचं नाव टाकायचं, मग गिऱ्हाइकाला दाखवायचं. आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. मी लोकाच्या भांड्यावरचं नाव घासून स्वतःचं कोरायचो. व्हर्जनचा आकडाही त्यात जायचा, त्यामुळं कोणती लायब्ररी किती जुनी आहे हे मलाच माहीत नसायचं. नवं काम आलं की जुन्या कामाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर उचलायचं आणि तिकडं ओतायचं. एकाच संकेतस्थळात एकाच लायब्ररीच्या तीन-तीन प्रती निघायच्या. एकीचं नाव 'नवीन', दुसरीचं 'नवीन-चालू', तिसरीचं 'ही-घ्या'. कुठली कशाला लागते ते कुणी विचारायचं नाही, कारण एखादी काढली तर पान बंद पडायचं.

समाजाचं काम आलं तेव्हा मी कॅलेंडरची एक परदेशी लायब्ररी घेतली. तिच्यात महिने इंग्रजी होते आणि तारखेचा क्रम तिकडचा, म्हणजे आधी महिना, मग दिवस. मी ती फाइल उघडली, आतले महिने मराठी केले, क्रम आपला केला, म्हणजे आधी दिवस, मग महिना. दोन ठिकाणी हात लावला. वरचं नाव पुसलं. हे बदल बाहेरून, स्वतःच्या वेगळ्या फाइलीत, लायब्ररीला न शिवता करता येत होते, हे मला ठाऊक नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. अध्यक्ष आडत दुकानदार होते. त्यांनी पडद्यावर चैत्र-वैशाख नव्हे पण 'जानेवारी' मराठीत बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, हे तुमी घरी बनवलं?" मी म्हणालो, "हो." तिथून सत्कार.

ती मुलगी त्यानंतर माझ्याकडे लागली. पाथरीच्या एका जनरल स्टोअरवाल्याची. आमच्याच समाजातली. नांदेडला शिकून आलेली. रोज सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळी परत. आल्या आल्या तिनं माझी फोल्डरं बघितली आणि म्हणाली, "सर, ह्या लायब्रऱ्यांची एक यादी करू का? नाव, व्हर्जन, कशाला लागते ते. आन् ह्या फाइलींना आपण हात न लावता ठेवू. आपलं काय असंल ते बाहेर लिहू. मंग नवीन व्हर्जन आलं तरी आपलं काय मोडणार न्हाई." लायब्रऱ्या यादीवरून आपोआप आणून देणारं एक साधन असतं, ते तिनं मला चालवून दाखवलं. मी बघितलं आणि दुकानातल्या बाकीच्या पोरांसमोर म्हणालो, "यादी किराण्याची करतात बाई. तुझ्या बापाच्या दुकानात कर." पोरं हसली. ती पण हसली. तेव्हा अजून नवी होती.

पुढं समाजातल्या लोकांच्या तक्रारी यायला लागल्या. नव्या मोबाइलवर फॉर्म भरताना कॅलेंडर पडद्याच्या बाहेर पळायचं. अध्यक्षांचे फोन वाढले. मेळावा तोंडावर होता. मला ते दुरुस्त करता येईना, कारण मी ते लिहिलंच नव्हतं. मी तिला सांगितलं, बघ काय होतंय. तिनं त्या फाइलीतला कोड बघून मूळ लायब्ररी कोणती ते दुपारपर्यंत शोधून काढलं. मग माझ्या टेबलाशी येऊन तिनं विचारलं, "सर, ही लायब्ररीच हाय ना, बाहेरची? हिचं नवीन व्हर्जन मोबाइलवर चांगलं चालतंय. ह्या फाइलीत आपल्यापैकी कुणी काही बदललंय का?"

मी म्हणालो, "नाही."

हो म्हटलं असतं तर सत्काराची शाल खोटी ठरली असती. मी एवढाच विचार केला.

तिनं नवं व्हर्जन आणलं. कॅलेंडर मोबाइलवर नीट उघडायला लागलं, पण महिने इंग्रजी झाले. ती परत आली. "आधी मराठीत कसं दिसत होतं सर?" मी म्हणालो, ते सर्व्हरवरून, म्हणजे भरलेले फॉर्म जाऊन साठतात त्या यंत्रावरून, होत होतं. तिनं महिन्यांची मराठी नावं वेगळ्या फाइलीत लिहिली, जशी लिहायला पाहिजेत तशी. मग तिनं एक तारीख निवडून बघितली. "सर, आता आधी महिना यायलाय, मंग दिवस. हे बी सर्व्हरवर उलटं होतंय का? का मी इथं बदलू?"

सर्व्हरचा पासवर्ड मी कुणाला देत नसे. तिला तिथलं काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, "सर्व्हरवर होतंय. तू त्यात पडू नको."

सर्व्हरवर काही उलटं होत नव्हतं, पहिला आकडा तो दिवसच धरायचा. मी मनाशी ठरवलं होतं की ती गेल्यावर मागच्यासारखी फाइल उघडून क्रम बदलून टाकू. ती गेल्यावर फाइल उघडली. नव्या व्हर्जनची फाइल दाबून बारीक केलेली होती, सगळा मजकूर एकाच न संपणाऱ्या ओळीत. मला त्यात काही सापडेना. थोडा वेळ खालीवर केलं आणि बंद केली. दुसऱ्या दिवशी तिला सांगता आलं असतं. तिनं दोन शब्दांत केलं असतं. मी सांगितलं नाही, आणि नंतर मेळाव्याच्या गडबडीत ते मी मनातून काढून टाकलं. विसरलो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो.

त्यानंतर भरलेल्या प्रत्येक फॉर्मची तारीख सर्व्हर उलटी वाचत होता. पाच डिसेंबरला जन्मलेल्या मुलीचा जन्म बारा मे झाला. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर आणखी मजा. पंचवीस मार्च असेल तर सर्व्हरला मार्चचा तीन हा आकडा दिवस वाटायचा आणि पंचवीस हा महिना वाटायचा. पंचविसावा महिना नसतो. पण ते यंत्र अडून बसत नाही, मुकाट्यानं दोन वर्षं पुढं जाऊन जानेवारी धरतं. म्हणजे महिन्याच्या उत्तरार्धात जन्मलेलं जवळपास प्रत्येक पोर लहान झालं. कुणी काही महिन्यांनी, कुणी दोन वर्षांनी.

हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आलं होतं. पुस्तिकेचे कच्चे कागद समाजाच्या समितीतल्या चौघांनी वाचले. एकानं स्वतःच्या भाच्याचं वय बघून भुवया उडवल्या, आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. आमच्यात वधू-वर फॉर्मवर वय खरं लिहीत नाहीत. वर्ष-दीड वर्ष खाली लिहायचं, समोरच्यानं ते वर धरून वाचायचं, आणि कुणी कुणाला बोलायचं नाही, अशी रीत आहे. समितीला वाटलं, यंदा लोकांनी जरा जास्त हात मारलाय. पुस्तिका मेळाव्याच्या आधीच घरोघर गेली; ज्यांची पोरं लहान झाली त्या घरांनी ती बघून तोंड बंद ठेवलं. माझ्या दुकानात येऊन एक बाप म्हणाला होता, "छपाई लय छान झाली गुरुजी," आणि पोराचं वय छापलं होतं त्यावर अंगठा ठेवला होता.

मेळावा परभणीच्या एका मंगल कार्यालयात होता. ती दाराशी नोंदणीच्या टेबलावर बसली होती, तिचे वडील पुरुषांच्या रांगेत पुढून तिसरे. त्यांनीही त्याच महिन्यात तिचा फॉर्म भरलेला होता. भाषणं चालू असतानाच मागं आवाज चढला. पिंगळीचा एक किराणा दुकानदार पुस्तिका हातात घेऊन स्टेजपाशी आला.

"अध्यक्षसाहेब, माझी लेक मार्गशीर्षातली. तुमी तिला भर उन्हाळ्यात कशी काय जन्माला घातली?"

लोक हसले. तो हसला नाही. "हसायलेत काय! पोराकडच्या स्वामींनी ह्याच तारखेवर पत्रिका जुळवली. सुपारी फुटली. काल जन्माचं टिपण काढून बघितलं तर गण जुळंना झाला. आता पोराकडचे म्हणायलेत, तुमी फसवलं."

मग दुसरा उठला, तिसरा उठला. कुणाची तारीख उलटी, कुणाची रास भलतीच. मागून एक जण ओरडला, "ज्यांची पोरं लहान झालीत ते कामून बोलंनात? आं? दोन वर्स खाल्ले, ढेकर तरी द्या!" सगळं कार्यालय हसलं, आणि ज्यांच्यावर हसलं ते चिडले. हसण्यात आणि चिडण्यात कुणाला तरी धरायला पाहिजे होतं. अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"गुरुजी, तुमचं कॅलेंडर असं कसं?"

मी उभा राहिलो. खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. "माझं कॅलेंडर चांगलं चालत होतं," मी म्हणालो. "ते काढून बाहेरचं टाकलंय." आणि दाराकडे बोट केलं.

यातला एकही शब्द कुणाला खोडता आला नसता.

ती टेबलामागून उठली. "सर, मी तुमाला इचारलं होतं. तुमी म्हणलात सर्व्हरवर..." ती आणखी दोन वाक्यं बोलली असती तर मी अडकलो असतो. मी तिच्या तारखेचं पान आधीच बघितलेलं होतं. सत्तावीस ऑगस्टचा जन्म, पुस्तिकेत मार्च. दीड वर्षानं लहान. तसं का झालं हे त्या कार्यालयात फक्त मला माहीत होतं. मी म्हणालो, "आधी पुस्तिकेत स्वतःची तारीख बघ. मग बोल."

पानं उलटायचा आवाज झाला. बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, स्वतःलाच कवळी करून घेतली की!"

दुसरी म्हणाली, "म्हणूनच तर सगळ्यांच्या केल्या. एकटीची केली तर दिसंल ना."

तिचे वडील उठले. टोपी हातात घेतली होती. "फारम मी भरलाय. मी खरी तारीख टाकलीय. इमानानं सांगतो."

"मंग बापलेकीनं मिळून केलं म्हणा," मागचा एक म्हणाला, आणि पुन्हा हसू फुटलं. ज्या दोन वर्षं खाल्लेल्यांवर मघाशी लोक हसले होते, ते आता सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

ती निघून गेली. वडील जेवणाची पंगत उठेपर्यंत बसून राहिले. मध्येच उठून गेलं तर कबूल केल्यासारखं दिसेल असं त्यांना वाटलं असावं. त्यांच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

ती दुकानात आणखी एकदाच आली. लायब्ररीचं जुनं व्हर्जन मुळातून आणून तिनं माझ्या फाइलीशेजारी ठेवलं होतं. पडद्यावर दोन्ही फाइली समोरासमोर, फरक पिवळ्या रंगात. मराठी महिने, तारखेचा क्रम, आणि अगदी वर पुसलेलं ते परक्या माणसाचं नाव. "हे तुमी बदललं होतं. आन् मला न्हाई म्हणलात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला अजून वाटत होतं की दाखवलं की मी मानीन.

मी म्हणालो, "त्या परदेशातल्याला बोलाव. तो येऊन सांगेल समाजाला." मग दुकानातल्या पोरांकडे बघून म्हणालो, "हिला हे पिवळं-हिरवं पाथरीत जाऊन दाखवू दे."

काही दिवसांनी तिचे वडील आले. आमच्या रीतीचा नमस्कार, "शरणार्थ," म्हणून बाकावर बसले. पाणी घेतलं नाही. म्हणाले, "तुमी मोठे मानूस. भांडायला आलो न्हाई. येवढंच सांगा, लेकरानं चूक केली का?"

त्यांना खरं सांगता आलं असतं, त्या खोलीत दुसरं कुणी ऐकायलाही नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "झाली चूक. तरणं वय आहे, होतं. मी मनात ठेवली नाही." त्यांनी मान हलवली. जाताना मला हात जोडले. पुढं ते गेले तेव्हा लेकीनं चूक केली हे धरूनच गेले, आणि ती त्यांच्याशी शेवटपर्यंत मोकळं बोलत नव्हती, असं मला नंतर कळलं.

तिला स्थळं येईनाशी झाली. आली ती विचारायची, खरी तारीख कोणती? दाखला दाखवला की म्हणायची, दाखले काय, कॉम्प्युटरवाल्यांना दाखले काढता येतात. ती पाथरीत दुकानाच्या वरच्या खोलीतून बाहेरगावच्या कंपनीचं काम करते. लग्न झालं नाही. माझं दुकान चाललं तोवर चाललं, मग बंद केलं. समितीत मी सल्लागार राहिलो. शाल अजून कपाटात आहे.

यंदा देवगाव फाट्याच्या एका घरातून मला फोन आला. त्यांच्या मुलाला पाथरीची एक मुलगी बघायची होती. माझ्याकडे कामाला होती तिच्या भावाची मुलगी. "गुरुजी, तुमाला माहीत असंल. हे तारखावालीचंच घर ना? आजून तसलंच हाय का त्यांच्यात?" मेळावा झाला तेव्हा ती पोर बालवाडीत होती. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं पाथरीला गेलो.

तिनं मला वर नेलं. चहा दिला. मी म्हणालो, मी समितीच्या बैठकीत उभा राहून सांगणार आहे की चूक माझी होती.

"कोणती?"

"तीच. कॅलेंडरची."

"अशी न्हाई. नीट सांगा. कोणती फाइल? काय बदललं होतं? मी काय इचारलं होतं, तुमी काय म्हणलात?"

मला सांगताना दोनदा अडखळायला झालं. दोन्ही वेळा तिनं दुरुस्त केलं. माझ्या वयाकडे बघून ती थांबली नाही. शेवटी म्हणाली, "जा, सांगा."

मी बैठकीत सांगितलं. लायब्ररी म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. अर्धे लोक मोबाइलमध्ये होते. अध्यक्ष आता फार थकलेत. ऐकून त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "बघा, ह्याला म्हणतात मोठेपणा. त्या पोरीच्या घरात लग्न निघालंय म्हणून गुरुजींनी तिची चूक स्वतःच्या अंगावर घेतली." टाळ्या वाजल्या. मी नाही, नाही म्हणत होतो. जितक्या वेळा नाही म्हणालो तितक्या टाळ्या वाढल्या.

संध्याकाळी तिचा फोन आला. तिला कळलं होतं. "सर, तुमी माझ्यावर उपकार केला म्हणायलेत लोक. आता मला तुमचे पाय धरावे लागतेत."

मी म्हणालो, मी लिहून काढतो.

"लिहा. आन् मी हुशार होते, गरीब होते, असलं काही घालू नका. तुमाला लय पश्चात्ताप झाला, ते बी न्हाई. काय केलं तेवढंच लिहा. माझं नाव घालू नका."

तसं लिहिलं. छापायला द्यायच्या आधी मी ही पानं देवगाव फाट्याच्या त्या घरी नेऊन दिली. मुलाच्या बापानं चार दिवसांनी फोन केला. अदबीनं बोलला. "वाचलं गुरुजी. पुरं वाचलं. तुमी म्हणता ते खरं असंल. पण येवढं सगळं समजावून सांगावं लागतंय म्हणजे... काहीतरी असणारच की. आमी दुसरीकडं बघायलाव."

मी तिला फोन करून हे सांगितलं. पलीकडे खाली दुकानात कुणीतरी सुट्टे मागत होतं ते ऐकू येत होतं.

"हे बी लिहा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.